नाटक गटानं वाचताना रंगसूचना कुणी वाचायच्या? (आणि इतर भांडणं)

रविवारची_पोथी | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, घोळ झालाय. सल्ला हवाय.

सांगलीत गावभागात आमचा छोटा वाचनगट आहे. एरवी नऊ माणसं, भडंग असेल त्या रविवारी तेरा. आजवर कथा-कादंबऱ्या झाल्या. प्रत्येकानं घरून वाचून यायचं आणि आल्यावर बोलायचं. यंदा ठरलं की एखादं आजचं नाटक घ्यायचं, आणि तेही तिथंच बसून, भूमिका वाटून, मोठ्यानं वाचायचं. बहुमतानं महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ निवडलं, विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या पडत चाललेल्या वाड्याचं नाटक. काल पहिली बैठक झाली.

अडचण पहिली. रंगसूचना माझ्याकडं होत्या. पात्रांनी गप्प राहायचंय असं मी मोठ्यानं वाचलं की तो गप्पपणा माझ्याच आवाजानं मोडायचा. नाही वाचलं, तर समोरचा श्वासही न घेता पुढचं वाक्य उचलायचा.

अडचण दुसरी आणि मोठी. वाचून झाल्यावर नाटकावर जेमतेम पाच मिनिटं बोलणं झालं. पुढचा दीड तास कुणाच्या गावच्या वाड्याचं काय झालं, कुठल्या चुलत्यानं सही दिली नाही, कुणाच्या आत्याला हिस्सा मिळाला नाही, हेच. आमच्यातले नाना (वय ८१) सातबारा काढून दाखवायचेच बाकी होते. मला वाटतं, अभ्यास म्हणून वाचायचं तर चर्चा नाटकाच्या चौकटीत राहायला हवी. तुम्ही कुणी असं वाचन केलंय का? कसं आवरता?

भडंगवाला | सोमवार, रात्री ९.५२

भडंग घेऊन बसलोय. येऊ द्या.

आयर्विनखालचा | सोमवार, रात्री १०.१५

सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहून हा प्रश्न पडावा? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं, मराठी रंगभूमी इथं जन्मली. आपल्या रक्तातच नाटक आहे हो.

विंगेतला_बाब्या | सोमवार, रात्री १०.३१

@आयर्विनखालचा, रक्ताचं राहू द्या. भाव्यांच्या त्या खेळात सूत्रधार पद्य म्हणायचा आणि पात्रं त्यावर आपापलं भाषण आयत्या वेळी करायची. म्हणजे ज्या नाटकाचा आपण अभिमान मिरवतो, ते गोल बसून वाचायला भूमिका लिहिलेली संहिताच नव्हती. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिरात टाळ्या वाजवणं वेगळं आणि छापील नाटक वाचणं वेगळं.

आता मूळ प्रश्न. मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी बऱ्याच संस्थांबरोबर पडद्यामागं काम केलंय, तिथली पद्धत सांगतो.

पहिलं वाचन सपाट करायचं. अभिनय बिलकुल नाही. हौशी माणसाच्या हातात वाक्य पडलं की त्याच्यातला नटसम्राट जागा होतो आणि मग ऐकणारे वाक्य सोडून त्याला ऐकायला लागतात. किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचा. वाक्य चांगलं असेल तर ते आपल्या पायावर उभं राहतं.

दुसऱ्या वाचनाला भूमिका वाटायच्या. रंगसूचना वाचणारा माणूस वेगळाच हवा आणि तो पात्रांच्या गोलात नको, मागं बसलेला हवा. हालचालीच्या सूचना त्यानं वाचायच्या: कोण आलं, कोण गेलं, कंदील कुणी उचलला. थांबायच्या सूचना मात्र वाचायच्या नाहीत, हात वर करायचा. हात खाली येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आमचे एक दिग्दर्शक याला ‘सिग्नल’ म्हणायचे. पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्यांदा हसत नाहीत.

तिसऱ्या वाचनाला भूमिका बदलायच्या. भास्कर वाचणाऱ्यानं चंदू वाचायचा. मोठ्या भावाची सगळी वाक्यं तोंडात घोळल्यावर त्या घरातली कामं निमूट करणारा भाऊ वाचायला मिळाला, की काय बदलतं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शाईचा_डाग | सोमवार, रात्री १०.४४

एक बाळबोध शंका. १९८५ सालचं नाटक ‘आजचं’ कसं? माझा जन्म नव्हता तेव्हा. माझ्या आईचं लग्न व्हायचं होतं.

मिरज_जंक्शन | सोमवार, रात्री ११.०२

+१ शाईचा_डाग. एवढी वर्षं जुनं नाटक समकालीन म्हणायचं आणि नवं काही वाचायचंच नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. प्राजक्त देशमुखांचं ‘देवबाभळी’ घ्या की. दोनच पात्रं, तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे त्याला. किंवा जयंत पवारांचं ‘अधांतर’ घ्या, गिरणी संपानंतरचं घर.

रविवारची_पोथी | सोमवार, रात्री ११.१०

‘देवबाभळी’ सुचलं होतं. पण नऊ माणसांत दोन पात्रं म्हणजे सात जणांनी चहा करायचा का? शिवाय त्यात गाणी आहेत, आणि आमच्यात सुरात गाणारं एकच माणूस आहे. ते मिरजेला राहतं आणि रविवारी शिकवण्या घेतं.

मिरज_जंक्शन | सोमवार, रात्री ११.१३

मिरजेचं असून सुरात न गाणारं माणूस दाखवा म्हणतो मी. (माझ्याशिवाय.)

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७.२०

मी मूळचा यवतमाळकडचा, नोकरीनं गेली अकरा वर्षं सांगलीत. एलकुंचवार आमच्याच जिल्ह्यातल्या पारव्याचे, म्हणून माझा जीव जरा जास्त गुंततो.

पोथीताई, भाषेचं काय केलं ते सांगितलंच नाही तुम्ही. या नाटकात घरची माणसं वऱ्हाडी वळणानं बोलतात आणि मुंबईहून आलेली अंजली प्रमाण भाषेत. त्या घरातली अर्धी धुसफूस या दोन बोलण्यांमध्ये आहे. सांगलीकर ते वाचतात कसं, याची मला धास्ती आहे. मागं एका ठिकाणी ऐकलं होतं, ‘करून राहिलो’ला त्या भल्या माणसानं ‘करून राहिलो, मग गेलो’ अशा चालीत वाचलं. अहो, ते ‘राहणं’ मुक्कामाचं नाही! ‘मी जेवून राहिलो’ म्हणजे मी आत्ता जेवतोय. आमच्याकडं माणूस झोपून राहिला, पडून राहिला, मरून राहिला, सगळं चालू वर्तमानकाळात.

आणि त्या घरची वऱ्हाडी बामणी वळणाची आहे, शेतावरची नाही. हेल काढून विनोदी करू नका. टीव्हीवर वऱ्हाडी म्हटलं की हसायचं अशी सवय लागलीय लोकांना.

रविवारची_पोथी | मंगळवार, सकाळी ८.०५

अगदी तसंच झालं हो. आमच्या भास्करनं पहिलं पान वाचलं आणि दोघीजणी हसल्या. मग तो बिचारा पुढचं सगळं सांगलीच्या मराठीत वाचत गेला. धरणगावचे देशपांडे एकदम इथल्या शेजारच्या हरिपूरचे वाटायला लागले.

येता का रविवारी? साडेचारला.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ८.०९

येऊन राहिलो.

तासगावचा_बेदाणा | मंगळवार, दुपारी १.३०

मी पुस्तकं लई वाचत न्हाई, पण ह्यो वाडा टीव्हीवर का कुठं बघितलेला. त्यात दारात बंद ट्रॅक्टर उभा असतोय बघा. सगळी शहाणी माणसं म्हणत्यात ते प्रतीक हाय. असंल. पण लका, आमच्या भावकीत तसा ट्रॅक्टर खराच उभा हाय, चार वर्सं झाली. बागंला तो चालत न्हाई, द्राक्षाच्या दोन ओळींत बसत न्हाई, तिथं बारका लागतो फवारणीला. तरी मोठा घेतला. का? तर शेजाऱ्यानं घेतला. हप्ता थकला, चाकाखाली गवत आलं. इकत न्हाईत. दारात दिसला पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दीड तासात नानांनी सांगितलं ते नाटकाच्या बाहेरचं कसं? मला तर ते नाटकच वाटतंय.

भडंगवाला | मंगळवार, दुपारी १.४१

बेदाण्यानं धागा जिंकला. बाकीच्यांनी बेदाण्याच्या सौद्याला चला.

निवृत्त_खतावणी | मंगळवार, सायंकाळी ६.१५

तासगावकरांचं पटलं, पण अर्धंच. आठवणी निघणारच. प्रश्न असा, की त्यातून माणूस परत नाटकात येतो की नाही? ‘आमच्याकडं पण असंच होतं’ म्हणणं सोपं असतं, कारण पुढं वाचायचे कष्ट वाचतात.

मी बँकेत आयुष्य काढलं, त्यामुळं माझी पद्धत जरा रुक्ष आहे. मी या नाटकाची खतावणी लिहिली होती. वही घ्यायची आणि जिथं जिथं पैशाचा, जमिनीचा, सोन्याचा उल्लेख येईल तिथं पान क्रमांक टाकून नोंद करायची. कोण बोललं, कुणासमोर बोललं, आणि तेव्हा खोलीत कोण गप्प होतं. घरातले वडील तात्याजी गेलेत, तेराव्याला गावजेवण घालायचं तर पैसा आणायचा कुठून, इथून सुरुवात. मग घराचा भाग विकायची गोष्ट, मग दागिने. वहिनी, म्हणजे भास्करची बायको, रात्री ते दागिने अंगावर घालते, आणि शेवटी तिची मुलगी रंजू तेच घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. नोंदी करत गेलो तेव्हा मला दिसलं, की दुःखाबद्दल माणसं जेवढं बोलतात त्याच्या कितीतरी पट जास्त खर्चाबद्दल बोलतात. आणि तरी प्रयोग बघताना आपल्याला आठवतं ते दुःखच. हे कसं साधलंय, यावर एक रविवार सहज जाईल. शिवाय चर्चा भरकटली की वही उघडायची, ‘पान अमुक’ म्हणायचं. माणसं निमूट परत येतात. व्हाउचर दाखवल्यासारखं.

शाईचा_डाग | मंगळवार, सायंकाळी ६.२२

अहो काका, रंजू पळून जाते!!! मी अजून पहिल्याच अंकात आहे!

निवृत्त_खतावणी | मंगळवार, सायंकाळी ६.३०

चाळीस वर्षं झाली बाळ तिला पळून. आता नातवंडं असतील.

माळावरचा | मंगळवार, रात्री ९.०५

सगळे छान हळवे झालेत, म्हणून जरा खडा टाकतो.

माझे आजोबा अशाच एका वाड्याचे कूळ होते. वाड्याच्या मालकांना वाडा पडल्याचं दुःख होतं, ते खरं असेल. पण आमच्या घरात १ एप्रिल १९५७, म्हणजे कूळ जमिनीचा मालक ठरला तो दिवस, देवाच्या तारखेसारखा सांगतात. त्यामुळं मी हे नाटक वाचतो तेव्हा भिंतीच्या आत जायलाच मला वेळ लागतो. आत रडतात, बाहेर कोण आहे? जेवणाच्या पंगतीत गाव येणार, पण त्या गावाला बोलायला नाटकात जागा किती? गटानं वाचताना हा प्रश्न कुणी विचारला का, की सगळे वाडेवालेच होते?

रविवारची_पोथी | मंगळवार, रात्री ९.२६

खरं सांगते, कुणी विचारला नाही. आमच्या नऊपैकी सात जणांना ‘आमचा वाडा’ असं काहीतरी म्हणता येतं. हे मला आत्ता, तुमचं वाचल्यावर मोजावंसं वाटलं.

पार_आणि_पिंपळ | मंगळवार, रात्री ९.५०

@माळावरचा, वाद घालत नाही, भर घालतोय. आमच्या भागातले बरेच वाडे असे हळूहळू कर्जानं पडले नाहीत. ४८ साली, गांधीजींच्या खुनानंतर, एका दिवसात जळले. आमचा त्यातलाच. आजोबा त्यानंतर पुण्याला गेले आणि आयुष्यभर या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला या नाटकातले देशपांडे परके वाटतात ते वेगळ्याच कारणानं. त्यांना वाडा पडताना बघायला, त्यावर भांडायला वेळ तरी मिळाला.

संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री १०.०२

विषय नाजूक आहे. आत्तापर्यंत सगळ्यांनी सांभाळून लिहिलंय, तसंच राहू द्या. जात काढून एकही प्रतिसाद आला तर धागा वाचनमात्र होईल.

माळावरचा | मंगळवार, रात्री १०.२०

नाही, तसं काही नाही. @पार_आणि_पिंपळ, तुमच्या आजोबांचं न बोलणं आणि माझ्या आजोबांचं तेच तेच सांगणं, दोन्ही एकाच तालुक्यातलं असेल कदाचित.

कायद्याचा मुद्दा राहिला. विदर्भाला कूळ कायदा वेगळा होता, १९५८ चा. तेव्हा धरणगावचं गणित आपल्या साताऱ्या-सांगलीवरून जसंच्या तसं मांडता येणार नाही, हे मलाही मान्य. पण प्रश्न मागं घेत नाही.

विंगेतला_बाब्या | मंगळवार, रात्री १०.४८

माळावरच्यांचा प्रश्न वाचनातच घेता येईल. एक खुर्ची रिकामी ठेवायची. नाटकात ज्यांचा उल्लेख होतो पण जे आत येत नाहीत, त्यांची. नाव निघालं की त्या खुर्चीकडं बघायचं, बाकी काही नाही. आम्ही एका वेगळ्या नाटकाच्या तालमीत हे केलं होतं. शेवटी त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

हरिपूरची_लेक | बुधवार, सकाळी ११.१५

थोडं अवांतर. माझी आजी हरिपूरची, म्हणजे नाटककार गो. ब. देवलांच्या गावची. त्यांच्या ‘शारदा’ नाटकातली पदं तिला सगळी पाठ, चाल-तानांसकट. पण गद्य? एक वाक्य नाही. तिच्यासाठी नाटक म्हणजे गाण्यांच्या मध्ये लोक बोलतात तेवढा वेळ. मी कॉलेजात असताना तिला ते नाटक पहिल्यांदा वाचून दाखवलं, नुसतं गद्य. म्हाताऱ्या नवऱ्याशी मुलीचं लग्न ठरवायचे व्यवहार सरळ बोलण्यात ऐकल्यावर ती म्हणाली, ‘अगं, हे असं होतं होय ते? आम्ही गात बसलो!’ तिचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं.

म्हणून म्हणते, गोल बसून वाचाच. प्रयोगात नट, प्रकाश, संगीत मिळून जे आपल्यासाठी करून टाकतात, ते वाचताना आपल्यालाच करावं लागतं.

मिरज_जंक्शन | बुधवार, सकाळी ११.४०

प्रतिसाद आवडला. ‘आम्ही गात बसलो’ हे नाट्यपंढरीच्या कमानीवर लिहा.

शाईचा_डाग | बुधवार, दुपारी ३.००

प्रती किती आहेत तुमच्याकडं? की झेरॉक्स?

रविवारची_पोथी | बुधवार, दुपारी ३.१२

चार प्रती, नऊ माणसं. दोघांत एक. झेरॉक्सला नाना तयार नाहीत, ‘लेखकाचं मीठ खाऊन त्यालाच बुडवायचं का’ म्हणतात. आणखी दोन प्रती मागवल्यात. घरात बसून वाचतोय तोवर ठीक, तिकीट लावून जाहीर वाचन करायचं तर लेखकाची परवानगी घ्यावी लागेल.

विंगेतला_बाब्या | बुधवार, दुपारी ३.३५

दोघांत एक प्रत उलट बरी. आपलं वाक्य नसलं तरी डोळे पुस्तकात राहतात. स्वतंत्र प्रत दिली की माणूस आपल्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारतो आणि मधल्या वेळात मोबाईल बघतो.

आयर्विनखालचा | बुधवार, रात्री ८.००

वाड्याचे पुढचे दोन भागही घेणार का? ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. १९९४ साली ‘आविष्कार’नं चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात तिन्ही सलग केले तेव्हा जवळजवळ नऊ तासांचा खेळ झाला होता.

भडंगवाला | बुधवार, रात्री ८.०४

नऊ तास? पोतं आणतो.

रविवारची_पोथी | पुढच्या रविवारी, रात्री १०.१०

धागा वर काढतेय. आज काय झालं ते सांगायलाच हवं.

अकरा जण होते. वऱ्हाडी_ठेचा आले, भास्कर त्यांनी वाचला, आणि कुणीही हसलं नाही. अंजली मी वाचली. घरात आपण एकटेच पुस्तकी बोलतोय हे कानाला किती टोचतं, ते तेव्हा समजलं. बाब्यांचा सिग्नल वापरला. पहिले तीन-चार वेळा गंमत झाली, हात वर करणाऱ्या काकूंना खांदा दुखतो म्हणून मध्येच माणूस बदलावा लागला. मग जमलं. रिकामी खुर्चीही ठेवली होती. एकदा मांजर येऊन बसलं, बाकी ठीक.

नानांना कमी ऐकू येतं. त्यांना फार वाक्यं नकोत म्हणून दादीची भूमिका दिली. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, दादी म्हणजे घरातली सगळ्यात म्हातारी बाई. गेलेल्या मुलाला, म्हणजे तात्याजींना, व्यंकटेश म्हणून हाका मारत राहते आणि किती वाजले म्हणून विचारत राहते. नानांना इतरांचं बोलणं ऐकूच येईना, त्यामुळं आपली वेळ कधी येते ते कळेना. शेजारी बसलेली मुलगी कोपरानं ढोसायची, पण ती स्वतःच प्रभाची वाक्यं वाचण्यात गुंतलेली. मग नानांनी सरळ ठरवलं, की आपल्याला वाटेल तेव्हा विचारायचं. भास्कर आणि त्याचा मुंबईचा भाऊ सुधीर तेराव्याच्या खर्चावरून एकमेकांना बोलतायत आणि मध्येच नाना, ‘किती वाजले?’ कुणी थांबलं नाही. आम्हाला वाटलं चुकून वाचलं, पुढं जाऊ. थोड्या वेळानं परत, ‘किती वाजले?’ पुस्तकात तिथं ते वाक्यच नव्हतं. पुन्हा कुणी लक्ष दिलं नाही. असं पाच-सहा वेळा झालं.

अंक संपल्यावर नाना म्हणाले, ‘मी मघापासून विचारतोय, एकानं तरी घड्याळ बघितलं का?’

मग चर्चा म्हणाल तर झालीच नाही बराच वेळ. हात वर करायची गरज पडली नाही. नंतर प्रभा वाचणारी मुलगी म्हणाली, मला ऐकू येत होतं, पण माझं वाक्य जवळ आलं होतं. तिथून जे बोलणं सुरू झालं ते साडेसातपर्यंत, आणि सगळं पुस्तक उघडं ठेवून. त्या घरात कोण कुणाला उत्तर देतं आणि कोण देत नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर. खतावणीकाकांची वही आम्ही पैशाऐवजी त्यासाठी वापरतोय आता. नानांचा सातबारा आज निघाला नाही. त्यांची धाकटी बहीण मात्र निघाली, जिच्याशी ते बारा वर्षं बोललेले नाहीत. मी अडवलं नाही.

तासगावकर, तुमचं बरोबर होतं. चौकटीचं माझं म्हणणं मागं घेते, निदान अर्धं.

तासगावचा_बेदाणा | रविवार, रात्री १०.३०

नानांस्नी नमस्कार सांगा. एवढं चांगलं काम चुकून बी करत न्हाई कुणी.

माळावरचा | रविवार, रात्री १०.३७

मांजर त्या खुर्चीवर बसलं ते नेमकं कधी? पान क्रमांक सांगा.

निवृत्त_खतावणी | रविवार, रात्री १०.४०

हेच विचारणार होतो.

शाईचा_डाग | रविवार, रात्री १०.५५

मला पण यायचंय. पुढच्या रविवारी किती वाजता?

शाईचा_डाग | रविवार, रात्री ११.२०

किती वाजता हो?

शाईचा_डाग | रविवार, रात्री ११.४८

कुणी आहे का?

रविवारची_पोथी | सोमवार, सकाळी ६.१०

अगं बाई! साडेचार. साडेचार वाजता. ये नक्की, दादी तूच वाच.